मुक्कामी गाडीची वेळ

बुधवार.
रविवारच्या बाजाराचं टोपलं तळाला आलंय:
दोन भेदरं, एक सुरकुतलेलं वांगं,
सांभाराच्या काड्या, पानं गळून गेलेल्या.
अशा दिवशी चकोल्या.

तुरीची डाळ चार शिट्ट्यांत नरम आली.
रवीनं घोटली, गंजात ओतली.
फोडणीत लसणाच्या सात पाकळ्या,
सात, कारण गाठ्यात तेवढ्याच उरल्या होत्या.
मोहरी तडतडली तशी रेणूनं वहीवरून मान वर केली
आणि परत सातचा पाढा.

मी मोटारी बांधणारा माणूस.
दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजतो,
शंभरात एक चुकला तर सगळं उसवायचं.
कणकेचं तसं नाही.
पोळी लाटली, सुरीनं आडवी-उभी कापली,
एक तुकडा लांब, एक तिरपा, एकाला कान फुटलेला,
कोणी जळत नाही, कोणाची विहीर कोरडी राहत नाही.

पण कणीकच दीड मूठ.
दळणाचा डबा सकाळपासून गिरणीत रांगेला,
आणि लाईन गेली ती साडेतीनला.
आलीय आत्ता, दिवे लागल्यावर,
गिरणीवाला कुलूप लावून घरी गेल्यावर.

"बाबा, ते टाका ना."
ते म्हणजे मावशीनं अमरावतीहून आणलेलं पाकीट,
दिवाळीपासून गुळाच्या डब्यामागे.
आत पिवळ्या वाकड्या नळ्या,
मला तर स्लीव्हचे तुकडे वाटले, वायरवर चढवायचे.
रेणूनं मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली:
उकळा, मग पाणी फेकून द्या.
पाणी फेकून द्या?
मी पाकीट तिच्या हातातून घेतलं
आणि सगळं सरळ वरणात.

मग ज्योत्स्नाचा फोन. मागे इंजिनाची घरघर.
"आर्णी सोडली. उईके काका जेवायला हायेत बरं."
हो म्हटलं. फोन ठेवला.
एक तांब्या पाणी आणखी, एक चमचा तिखट आणखी,
मिठाचं चाखून पाहिलं, जीभ पोळली.
नळ्या फुगत होत्या, चकोल्या खाली बसत होत्या,
एकमेकांची ओळख नसलेले
एकाच फाट्यावर उभे असतात तसे.

नऊला दहा कमी. देवळापाशी गाडी वळल्याचा उजेड
आमच्या भिंतीवरून फिरून गेला.
ती आली, तिकिटाचं मशीन खुंटीला लावलं,
हात धुतले, पुन्हा धुतले,
सुट्ट्या पैशांचा वास एका साबणानं जात नाही.
उईके काका दाराशी चपला काढत,
"काय रांधलं भाऊ, वास तर फाट्यापासून येऊन रायला."

चार ताटल्या. वरून जवसाचं कच्चं तेल.
पहिल्या घासाला कोणी बोललं नाही.
दुसऱ्या घासाला ज्योत्स्नानं एक नळी
बोटांत धरली, बल्बकडे करून आरपार पाहिली.
"हे कोन्त्या थांब्यावर चढलं?"
रेणू तोंडात घास घेऊन हसली, ठसका लागला.
ज्योत्स्ना तिची पाठ थोपटत अजून त्याच आवाजात:
"तिकीट घेतलं का यानं?"
उईके काकांनी ताटली पुढे केली, अजून वाढ म्हणून.
"राहू द्या बाई," म्हणाले,
"रातची शेवटची गाडी हाये. कोनाले उतरवता?"

मी वाढलं. गंज खरवडला,
बुडाला थोडं लागलं होतं, ते मीच घेतलं.
रेणूनं पाचही बोटांत पाच नळ्या घातल्या
आणि तशीच भिंतीला टेकून झोपली.
ज्योत्स्ना एकेक काढत होती, ती जागी होणार नाही अशा बेतानं,
आणि काढलेली प्रत्येक खात होती.

काका गाडीत झोपायला गेले.
बाहेर इंजिन निवताना
टिक, टिक, मग बऱ्याच वेळानं एक टिक.
उरलेलं मी तिच्या डब्यात भरलं.
पाच चाळीसची फेरी.
तोवर ते घट्ट होईल, चमच्यानं कापावं लागेल,
कुठे चकोली, कुठे नळी, कळणारही नाही.